कोपऱ्यातली घरं

घरातली सगळ्यात जुनी चादर काढा. पाहुणे आले की कपाटातून निघते ती नको. माळ्यावरच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात निजलेली, एका टोकाच्या दशा झडलेली, ती. सोलापुरीच असणार. मास्तरांचा निरोप समारंभ, मामाच्या लग्नातला आहेर, दवाखान्यात पेशंटजवळ झोपणाऱ्याची वळकटी: महाराष्ट्रात माणूस कुठेही गेला तरी ही बाई त्याच्याआधी तिथे पोचलेली असते.

आता उलटून बघा. वर लाल जमिनीवर पिवळा मोर होता, खाली पिवळ्या जमिनीवर लाल मोर आहे. म्हणजे ही चादर कुणाला उलटी पांघरताच येत नाही. मोराच्या डोळ्यावर बोट ठेवा. जिथे लाल सूत खाली बुडी मारतं आणि पिवळं वर येतं, त्या फटीतून आत शिरा.

आधी आवाज येतो, शहर मागाहून. खटक्-खट, खटक्-खट, आणि प्रत्येक खटक्याबरोबर पायाखालची फरशी थोडी हलते. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेतल्या एका बोळात उभे आहात. साल १९६० नंतरचं कुठलंतरी. दोन्ही बाजूंना ठेंगणी घरं, आणि प्रत्येक घराच्या पोटात माग. हवेत कापसाची लव तरंगते आहे. श्वास घेतलात की नाकात गुदगुल्या होतात. ओट्यावरच्या बायका तेलुगूत बोलतायत, भाजीवाला कन्नडात ओरडतोय, आणि तो भाव सांगतोय तो मराठीत. ह्या गावात इतक्या भाषांचं सूत एकाच ताण्यात भरलेलं असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

खिडकीशी एक माणूस पाटावर बसलाय. कानामागे पेन्सिल, पुढ्यात चौकटीचौकटींचा कागद. हा नक्षी काढणारा. चौकटीला तो ‘घर’ म्हणतो. एकेक घर तो लाल पेन्सिलीने भरतोय, जिभेचं टोक दातांत धरून.

“उभारलाव कशाला? बसा की.”

बसा. भिंतीवर शिवकाशीत छापलेलं, कुठल्याशा व्यापाऱ्याने वाटलेलं कॅलेंडर आहे; त्यावर कार्तिकेय आणि त्याचा मोर. तुमच्या घरच्या चादरीवरचा मोर कुठून आला हे तुम्हाला कळलं. पण कॅलेंडरातला मोर गुबगुबीत, गोल मानेचा. कागदावरचा मोर पायऱ्यापायऱ्यांचा. गोल मान चौकोनी घरांत उतरवायची म्हणजे कुठे एक घर पुढे, कुठे दोन मागे. डोळ्याला तर त्याने एकच घर दिलंय. त्या एका घरावरून तो गेली दहा मिनिटं अडून बसलाय. ते एक घर इकडे सरकलं की मोर रागावलेला दिसतो, तिकडे सरकलं की बावळट.

“मोर घरात बसत न्हाई हो,” तो म्हणतो. “त्याला बसवावं लागतंय.”

प्रेरणा वगैरे शब्द इथे काढू नका. काढलात तर तो आधी गिऱ्हाइकाचं नाव घेईल, मग शेटजींचं. पण त्याची नजर कॅलेंडरावरून खाली उतरते ती थेट फरशीवर. फरशीच्या नक्षीतली पाकळी उचलून त्याने मोराच्या पिसाऱ्यात घातलेली आहे, आणि ती तुम्ही ओळखलीत हे बघून तो जरा लाजतो.

कागदाची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी. ज्या घरात रंग आहे तिथे पट्टीला भोक; भोक असेल तिथला ताण्याचा दोरा उचलला जाईल, नसेल तिथला खालीच राहील. अशा शेकडो पट्ट्या दोरीने एकीला एक बांधून मागाच्या माथ्यावर चढवतात आणि त्या माळेसारख्या फिरत राहतात. हे यंत्र फ्रान्सातल्या लिओं शहरात जाकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमाराला बसवलं. पुढे तिथल्याच लोकांनी याच मागावर जाकार्डचं चित्र रेशमात विणलं. त्या एका चित्राला २४,००० पट्ट्या लागल्या. चार्ल्स बॅबेजने त्यातलं एक मिळवून लंडनच्या घरात लावलं होतं. हिशेबाच्या यंत्राला पट्ट्यांनी हुकूम द्यायची कल्पना त्यानेही याच मागावरून उचलली. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनचा आणि माळ्यावरच्या चादरीचा पणजोबा एकच आहे. मात्र खिडकीतल्या माणसाला ते सांगून उपयोग नाही. त्याला पिसाऱ्याची आठवी ओळ गाठायचीय.

जाताना एक विचारा. मोराच्या खाली, किनारीजवळ, अक्षरांसाठी काही घरं राखलेली आहेत. तिथे काय येणार?

“कारखान्याचं नाव.”

आणि तुमचं?

तो एवढ्या जोरात हसतो की शेजारचा माग क्षणभर थांबतो. “माझं कशाला? मोर काय मी केला का?”

(लिओंचं ते रेशमी चित्र ज्याने प्रत्यक्ष विणलं, त्या कार्कियाचं नाव मात्र आजही संग्रहालयांच्या पाट्यांवर असतं. सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात, १९१५ साली जन्मलेल्या एका चित्रकाराने पुढे सिनेमाची पोस्टरं रंगवता रंगवता हुसेन ही सही जगभर नेली. सही करायची असते हे ज्याला कळतं, त्याची होते.)

चादरीची एक दशी ओढा. सूत उसवत जातं, आणि त्याच्या मागोमाग तुम्ही.

मे महिना, साल १९३०. सोलापूरचं ऊन डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. बोळ तोच, पण जाकार्डचा आवाज गेला. इतका शुकशुकाट आहे की चपलेचा आवाज ऐकून तुमचं तुम्हालाच दचकायला होतं. एप्रिलमध्ये नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे उजाडला तसा गांधींच्या अटकेवरून गाव पेटलं, ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळाच्या परिसरात गोळीबार झाला, आणि नंतरचे तीन-चार दिवस गावात सरकार म्हणून काही उरलंच नाही. रस्त्यांवर स्वयंसेवकच बंदोबस्त बघत होते. १२ मेच्या रात्रीपासून मार्शल लॉ आहे. गांधी टोपी घालून चौकात जाऊ नका. झेंड्याचं तर नावच नको.

समोरच्या दारातून आत वाका. चौकट बुटकी आहे, डोकं आपटेल.

आत अंधार आणि गारवा. डोळे सरावले की दिसतं: जमिनीतच खड्डा खणलाय, खड्ड्याच्या काठावर माणूस बसलाय आणि त्याचे पाय खाली, पावड्यांवर. कमरेपासून वर तो माणूस आहे, खाली जमीन. हा खड्डामाग. जमिनीतला ओलावा सुताला लागतो, सूत कमी तुटतं. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात पाय ठेवायला याहून बरी जागा नाही. डोक्यावरून लोंबणारी दोरी तो हिसकतो आणि धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला उडतो. एक हिसका, एक फणीचा ठोका, एक पाय. त्याच्या बापाला धोटा हातानेच फेकावा लागे; ही दोरी या शतकातली.

मागावर लुगडं आहे, नऊवारी. गर्द निळी जमीन, काठ लाल, काठात बनावट रेशमाची चमक. रंग जर्मनीचा, सूत गिरणीचं. खादीवाले त्याला त्यावरून नावं ठेवतात. हाताने विणतोस खरा, पण सूत यंत्राचं. तो काय करणार? चरख्याचं सूत त्याच्या फणीत टिकत नाही आणि त्या भावाला पंढरपूरच्या बाजारात लुगडं कुणी घेत नाही. स्वदेशीच्या इतिहासात ह्या माणसाचं खातं अजून नीट मांडलेलं नाही, असं माझं मत आहे.

तो मालक नाही. पुढच्या खोलीत बैठकीवर कारखानदार असतो, त्याच्याच जातीचा, त्याच्याच भाषेतला. लग्नाला उचल घेतलीय, ती फिटेपर्यंत हा माग सोडून दुसऱ्याच्या मागावर बसता येत नाही. त्याची बायको दाराशी राहटावर कांड्या भरते. तिच्या नावाची नोंद कारखानदाराच्या वहीत कुठेच नाही. नवरा-बायकोचं मिळून एकच खातं, त्याच्या नावाचं.

आता जरा जवळ जा आणि काठ बघा. लाल पट्टीत बारीक दाणे आहेत, ज्वारीच्या कणसासारखे. दोन दाणे, एक मोकळी जागा, तीन दाणे, मोकळी जागा, परत दोन.

“हे कुठून आलं?”

तो फणी थांबवतो. पुढच्या खोलीकडे एकदा बघून घेतो. मग हळूच सांगतो की ही चूक होती. एका दुपारी डोळा लागला, पाय चुकला, दोनाच्या जागी तीन दोरे उचलले गेले. उसवायला वेळ नव्हता. मग पुढे प्रत्येक वेळी तिथेच चुकलो. लुगडं व्यापाऱ्याकडे गेलं; व्यापारी म्हणाला, हाच काठ आणखी वीस लुगड्यांना पाहिजे.

“एकदा चुकलं की चूक. सारखं चुकलं की नक्षी,” असं म्हणून तो दोरी हिसकतो.

बाहेर बुटांचा आवाज. गोरा शिपाई दारात उभा राहतो, वाकून आत बघतो. विणकराचा हात थांबत नाही, पण लय बदलते. ते फक्त त्याच्या बायकोला कळतं. तिच्या पुढ्यात बुट्टी आहे, बुट्टीत भरून ठेवलेल्या कांड्या: पांढरी, हिरवी, लाल. एकीशेजारी एक. आणि मागे तिचा राहट. तेव्हाच्या झेंड्याचे रंग हेच होते, वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यांच्यावर चरखा. काठ, पदर आणि जमीन यांना हे तीन रंग कुठल्याही दिवशी लागतात. तिने कांड्या आज मुद्दाम तशा लावल्या की नेहमीच तशा लावते, हे तिला विचारायची सोय नाही. शिपाई बुट्टीकडे बघतो, राहटाकडे बघतो. कांड्यांना अटक कशी करणार? तो जातो.

बाई एक लाल कांडी उचलून नवऱ्याकडे फेकते. तो एका हाताने झेलतो.

मार्शल लॉ जूनअखेर उठेल. याच मे महिन्यातल्या घटनांवरून पुढच्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देतील. ते ह्या दोघांना आज माहीत नाही. तुम्हाला आहे. सांगू नका.

आणखी मागे जायचं तर फार वेळ लागत नाही. १८७७. तेलंगणातून येणारा रस्ता, दुष्काळ, बैल नाहीत म्हणून गाडी माणसं ओढतायत. महबूबनगर, करीमनगर, वरंगळकडची पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने येतच होती. दुष्काळाच्या या दोन वर्षांत पोटासाठी पावलं जास्त उचलली जातायत. सोलापुरात १८६० पासून रेल्वे आहे, आणि याच वर्षी पहिली कापड गिरणी सुरू झालीय. गाठोड्यात एक धोटा आणि फणी. माग बरोबर आणावा लागत नाही. चार बांबू कुठेही मिळतात, आणि खड्डा खणला की माग झाला, माग झाला की घर. गाठोड्यावर बसलेली म्हातारी नातवाला सांगतेय: मार्कंडेय ऋषींचा मुलगा भावनाऋषी. देवांना अंगावर घ्यायला काही नव्हतं. याने कमळाच्या देठातले तंतू ओढले, त्यांचं सूत केलं, देवांसाठी पहिलं कापड विणलं. म्हणून आपण पद्मशाली. पोरगं विचारतं, मग देव आपल्याला भाकरी का देत नाहीत? म्हातारी म्हणते, नारळी पौर्णिमेला नवं जानवं घालशील ना, तेव्हा विचार.

आणि एकदम खाली, सुताचं शेवटचं टोक. बारावं शतक. गावाचं नाव सोन्नलगी. तळ्याचं काम चालू आहे. सिद्धरामेश्वर नावाचा तरुण योगी माणसांबरोबर माती उपसतोय. मराठी अजून इथे फारशी नाही, कानावर पडते ती कन्नड. उकरणाऱ्यांपैकी कुणीतरी जेडर दासिमय्याचं वचन म्हणतंय. दासिमय्या विणकर होता, सिद्धरामाच्याही आधीचा. ओळी कळत नाहीत, पण शेवटी एक शब्द दरवेळी तोच येतो: रामनाथ. ती त्याच्या देवाची खूण. हे लोक आपल्या वचनाखाली स्वतःचं नाव घालत नाहीत, देवाचं घालतात. सिद्धरामाच्या वचनांखाली कपिलसिद्ध मल्लिकार्जुन येतो. काम हीच पूजा, तिला ते ‘कायक’ म्हणतात. साखर पेठेतला तो खिडकीतला माणूस का हसला, त्याचा थोडा पत्ता इथे लागतो. थोडाच. देवाचं नाव घालणं वेगळं आणि कारखान्याचं घालणं वेगळं, हे दासिमय्यालाही पटलं असतं.

इथे फार थांबू नका. पाणी लागायला लागलंय.

वर या.

आजचं सोलापूर. आवाज परत आला, पण आता तो यंत्रमागांचा आहे आणि त्याला मधली उसंत नाही. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या नावावर कुठेकुठे दुसरंच काही विकलं जातं, आणि निम्म्याहून जास्त बोळ टॉवेल विणतोय. जिन्याने वर या. एकाच खोलीत हातमाग आहे. त्याला ना जाकार्ड, ना पट्ट्या. ताण्यामागे घरांचा कागद टाचलाय आणि विणकर एकेक घर मोजून, तितकेच दोरे बोटांनी उचलून, रंगीत सुताचा वीतभर तुकडा त्यातून ओवतोय. मग पुढचा रंग. मग पुढचा. एका ओळीत असे तीस-चाळीस तुकडे, मग फणीचा एक ठोका. सोलापूरचं वॉल हँगिंग ते हे. लिओंला २४,००० पट्ट्या लागल्या ते काम इथे दहा बोटं करतात, आणि ओळ चुकली तर दोष द्यायला पट्टी नसते.

शिवाजी महाराज, विठ्ठल, सिद्धेश्वराचं देऊळ, साहेबांना निरोपाला साहेबांचंच तोंड: ऑर्डरी अशा येतात. त्यावर घर चालतं. पण आत्ता मागावर आहे ते कुणी मागितलेलं नाही.

“काय आहे?”

“आमची अम्मा.”

अम्मा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलीय, मांडीवर सूप. तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर कापते, तंबाखू भरते, वळते, टोक मुडपते, दोरा गुंडाळते. बोलताना, टीव्ही बघताना, तुमच्याकडे बघून मान हलवताना बोटं थांबत नाहीत. तिच्या सासूने राहटावर कांड्या भरल्या. मग माग घराबाहेर कारखान्यांत गेले, कांड्या भरायलाही यंत्रं आली आणि ह्या गल्लीतल्या बायकांची बोटं विड्यांकडे वळली. तिने आयुष्यात विणलं काहीच नाही. पण विडीलाही शेवटी सूतच लागतं.

“फोटोवरून करलालाव?”

“मोबाइलवर काढला एक दिवस. तिला ठाव न्हवतं.” तो कागद दाखवतो. चेहऱ्याला अकरा तपकिरी. एवढे तपकिरी बाजारात मिळत नाहीत म्हणून दोन छटांचे धागे एकत्र पिळून मधला रंग बनवलाय. पदराच्या सावलीला निळा, कारण सावली काळी नसते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सुताकडे दुपारभर बघत बसला तेव्हा दिसलं, म्हणतो.

पण मागावर तुम्हाला दिसतात ते फक्त हात आणि सूप.

“तोंड कुठंय?”

तो पुढच्या रुळावर थोपटतो. चित्र उलटं धरलंय, डोकं आधी, पाय शेवटी. विणलेला भाग रुळावर गुंडाळत जातो. चेहरा तीन आठवड्यांपूर्वीच झाला आणि आत गेला. विणताना चार बोटं रुंदीची पट्टी दिसते, तेवढीच. डोळा विणला त्या दिवशी नाक दिसत नव्हतं. ओठ विणले तेव्हा डोळे गुंडाळले गेले होते. सगळं मिळून अम्मा झालीय का, ते कापड उतरेपर्यंत त्यालाही कळायचं नाही. मध्ये उलगडून बघता येतं का? येतं. ताण सैल पडतो, मग पुढच्या ओळी ढिल्या येतात. म्हणून बघत नाही.

आता सूप संपत आलंय. उजव्या कोपऱ्यात कागदावर काही घरं पेन्सिलीने आखून कोरी ठेवलीत. आडवी आठ, उभी पाच.

“इथं काय घालणार?”

तो बराच वेळ गप्प. ऑर्डरीच्या कामात तिथे संस्थेचं नाव येतं, ते लिहून आलेलं असतं. इथे कुणी लिहून दिलेलं नाही. स्वतःचं नाव घालावं तर आठ घरांत मावत नाही. आद्याक्षरं घातली तर लोक कारखान्याचा शिक्का समजतील. अम्माचं घालावं तर ती म्हणेल, मला मेल्यागत का करलालास. तेलुगूत ‘अम्मा’ बसतं, त्याने मोजलंय. पण मग बघणाऱ्याला वाचता येणार नाही.

त्याने एक लाल लडी मात्र वेगळी काढून ठेवलीय. जे काही होईल ते लालमध्ये.

“अरे,” पलीकडून अम्मा हाक मारते. “दोरा सरला.”

कंपनीचं रीळ रिकामं फिरतंय. कट्टा पुरा करून संध्याकाळी द्यायचाय. तो उठत नाही, बसल्या जागेवरून हात लांब करून लाल लडी तिच्या सुपात टाकतो. ती सूत बोटांत चोळून बघते, जाड आहे म्हणून तोंड वाकडं करते, दाताने तोडते, आणि विडीला दोन वेढे देते.

तो कागदावरच्या कोऱ्या घरांशेजारून पुढची ओळ मोजायला लागतो.